हयातीचा दाखला आणि शिलाईयंत्र

डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीस तपोवन वसवून, समाजाने वेशीबाहेर लोटलेल्या कुष्ठरोग्यांच्या हाती उद्योग सोपविला, तेव्हा मूल्यमापन नामक शास्त्र आजच्याइतके प्रगत नव्हते. माणूस कामास लागला म्हणजे लागला, एवढीच तत्कालीन अडाणी कसोटी.

पुढे २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार गणिले, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या; शिवाय अनुदानाच्या नियमांत अर्जदाराने अपंगत्वाचा, उत्पन्नाचा व वर्षाकाठी हयातीचा दाखला तहसील कचेरीत रुजू करावा, अशी चोख तजवीज झाली. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान दरिद्री राहण्याच्या अटीवर मिळते, आणि शिलाईयंत्र देणारी रोजगाराची योजना दारिद्र्यातून सोडविण्यासाठी असते. तेव्हा अकोल्याच्या एखाद्या कर्णबधिर शिंप्यास दोन्ही दारी उभे राहावयाचे असेल, तर यंत्र पोटापुरते चालावे पण उत्पन्नमर्यादा ओलांडण्याइतके चालू नये, हा सूक्ष्म योगाभ्यास त्यास साधावा लागतो. अहवालकर्त्यांस ही अडचण नाही. ते यंत्रे मोजतात. (वाटपाच्या छायाचित्रात मान्यवर सात आणि यंत्र एक असले, तरी बेरीज यंत्रांचीच धरतात, एवढी सचोटी कबूल केली पाहिजे.) यंत्रावर पुढे कापड चढले की धूळ, यासाठी अहवालाच्या नमुन्यात रकाना नाही.