आयर्विनला किती?

अण्णांना तुम्ही ओळखता. प्रत्येक ग्रुप टूरमध्ये एक असतातच. तुमचे अण्णा कदाचित हॉटेलच्या नाश्त्यात पोहे शोधणारे असतील, किंवा कुठलाही किल्ला दाखवला की रायगड काढणारे असतील. आमच्या वाट्याला आले ते सांगलीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि नदी दिसली की पातळी विचारणारे. सांगलीत हा आजार घरोघरी आहे. पावसाळ्यात तिथं माणसं भेटली की प्रकृती विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ला धोका, हे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. पण तो पूल कृष्णेवर आहे, ब्राझीलमध्ये नाही, हे अण्णांना सांगायचं कुणी?

आम्ही होतो मनाउसला. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात, रिओ नेग्रोच्या काठी वीस लाखांवर वस्तीचं शहर. समुद्र दीड हजार किलोमीटर लांब, तरी समुद्रातली जहाजं थेट धक्क्याला लागतात. विमानतळावरून येताना गाइड मुलगी हे कौतुकानं सांगत होती. अण्णांनी हात वर केला.

"लेव्हल?"

तिला वाटलं, हॉटेल कुठल्या दर्जाचं ते विचारताहेत. तिनं चार बोटं दाखवली.

"चारच फूट?" अण्णा चरकले. "पात्र कोरडं आहे की काय?"

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. शहराची शान म्हणजे तेआत्रो आमाझोनास, १८९६ साली रबराच्या पैशातून उभं राहिलेलं ऑपेरागृह. इटलीचा संगमरवर, स्कॉटलंडचं लोखंड, मुरानोच्या काचेची झुंबरं, घुमटावर ब्राझीलच्या झेंड्याच्या रंगांची ३६,००० कौलं. आम्ही सगळे माना वर करून आ वासून उभे, आणि अण्णा खाली वाकून जोतं बघताहेत. "नदीपासून किती वर?" गाइड म्हणाली, इथली जागा उंचावर आहे. "बांधणारा शहाणा होता," अण्णांनी शेरा दिला. त्यांच्या लेखी ऑपेरा संपला.

मग तिनं रबराची गोष्ट सांगितली. १८७६ साली हेन्री विकम नावाच्या इंग्रजानं इथून रबराचं बी लंडनला नेलं, त्याची रोपं पुढं सिलोन-मलायात वाढली, आणि १९१०नंतर मनाउसचा डामडौल बघता बघता उतरला. आम्ही हळहळलो. अण्णा म्हणाले, "आला पूर, ओसरला पूर. गाळ राहिला तो हा," आणि ऑपेरागृहाकडं बोट केलं.

संध्याकाळी चौकातल्या गाडीवर ताकाका प्यायलो. भोपळ्याच्या वाडग्यात कसाव्याच्या रसाचं आंबूस, कढत सार, त्यात सुकी कोळंबी आणि जांबू नावाचा पाला. हा पाला आपल्या अक्कलकाढ्याच्या कुळातला, तोंडात गेला की जीभ बधिर. अण्णांचीही झाली. अण्णांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "हा पाला सांगलीला नेता येईल का हो?"

दुसऱ्या दिवशी बोटीनं संगमावर गेलो. रिओ नेग्रोचं पाणी कोऱ्या चहासारखं, सोलिमोइसचं गढूळ, मातकट. दोन्ही नद्या सहा-एक किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात, पण मिसळत नाहीत. कारण दोघींचं तापमान वेगळं, वेग वेगळा, घनता वेगळी. बोटीवरचा प्रत्येक हात मोबाइलसकट बाहेर. अण्णांचा एकच हात वर.

"सोलिमोइस फुगली की नेग्रोचं पाणी मागं सरतं का? फुगवटा कुठवर जातो?"

आम्ही कपाळाला हात लावला. अलमट्टी आलीच! सांगलीच्या माणसाला कर्नाटकातलं ते धरण स्वप्नातसुद्धा दिसतं. पण गाइड मुलगी चमकली. म्हणाली, हा प्रश्न मला पर्यटक कधी विचारत नाहीत. मनाउसला नेग्रो चढते ती बरीचशी सोलिमोइसनं अडवल्यामुळंच. अण्णांनी आमच्याकडं अशी नजर टाकली, की दुपारपर्यंत आम्ही कुणी त्यांना चिडवलं नाही.

मग तिनं आपणहून त्यांना बंदरावर नेलं. तिथं १९०२पासून नदीची पातळी रोज नोंदवतात. भिंतीवर मोठ्या पुरांची वर्षं आणि उंची लिहिलेली. १९५३ला २९.६९ मीटर, २०१२ला २९.९७, २०२१ला ३०.०२. आणि २०२३च्या दुष्काळात १२.७०. म्हणजे दोन वर्षांत सतरा मीटरचा फरक. म्हणून धक्काच तरंगता, पाण्याबरोबर वर-खाली होणारा. नदी नोव्हेंबरपासून जूनपर्यंत सावकाश चढते. काठच्या घरांतली माणसं पाणी चढेल तसतशी घरात फळ्यांची नवी जमीन वर घालत जातात. अण्णा भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझा फोटो काढा." अख्ख्या सहलीतला त्यांनी मागितलेला हा पहिला फोटो.

तेव्हा काकू मला बाजूला घेऊन बोलल्या. अण्णा पावसाळ्यात रोज सकाळी आयर्विनची पातळी डायरीत लिहितात. ऑगस्ट २०१९ला ती ५७ फुटांच्या वर गेली, घरात पाणी आलं. दोघांना बोटीनं काढलं, डायरी टेबलावरच राहिली. "त्या महिन्याची पानं चिकटलीत. ती सुटतील म्हणून अजून उन्हात ठेवतात."

या माणसानं नदी 'बघायची' म्हणजे काय बघायची, हे मला तेव्हा कळलं. आम्हाला ती देखावा होती. त्यांना ती ओळखीची होती, आणि ओळखीच्या माणसाला आपण आधी तब्येतच विचारतो. इतकं कळूनही ते अधूनमधून असह्यच होते, हेही नमूद करतो.

परतीच्या जेवणात ग्रुपमधला पुण्याचा एक तरुण नव्या फ्लॅटचे फोटो दाखवत होता. नदीकाठ, अकरावा मजला, रिव्हर व्ह्यू. अण्णांनी चष्मा पुसला.

"निळ्या रेषेच्या आत की बाहेर?"

"कसली रेषा, अण्णा?"

"पूररेषा रे बाळा. तू अकराव्यावर कोरडा राहशील, गाडी कुठं ठेवशील? ह्या लोकांची रेषा भिंतीवर आहे, तिला हलता येत नाही. आपली नकाशावर असते."

तरुण हसला, पण मोबाइल काढून त्यानं बिल्डरच्या ऑफिसला मेसेज टाकलाच. गोड पदार्थ यायच्या आत उत्तर आलं.

"सर, टेन्शन घेऊ नका. रेषेचं काम चालू आहे."