गाडी उलाळ

आमच्याकडे ट्रेलर आला तो संडासामुळे. चारचौघांत सांगण्यासारखं कारण नाही, पण खरं तेच आहे.

आबा सांगलीकडून चार महिन्यांसाठी डेन्व्हरला आले आणि तिसऱ्या आठवड्यात भिंतींना कंटाळले. कोलोरॅडोत उन्हाळा लागला की निम्मं शहर तंबू घेऊन डोंगरात जातं. आम्हीही त्यांना घेऊन गेलो. मध्यरात्री दोन वाजता, कडाक्याच्या थंडीत, टॉर्च घेऊन झाडीत जाऊन आल्यावर ते तंबूच्या दारात उभे राहून म्हणाले, "जल्मभर खपून घरात संडास बांधला, आन् तू मला अमेरिकेत आणून परत टमरेल घेऊन हिंडवायला लागलास?"

सकाळी बायकोने निकाल दिला. पुढची सहल संडासासकट.

ट्रेलर ओढायला माझ्याकडे ट्रक होता. शेजारी फ्लोरिडाला राहायला गेला तेव्हा जाता जाता मला विकून गेला होता. 2001 सालचा पिकअप, आठ सिलिंडरचं इंजिन, पुढे माणसांची केबिन, मागे उघडा हौदा आणि सीटवर शेजाऱ्याच्या कुत्र्याचे केस. या जातीला इथे 'हाफ टन' म्हणतात. कधीकाळी हौद्यात अर्धा टन, म्हणजे 1,000 पौंड माल मावायचा, त्यावरून पडलेलं हे नाव. पुढे ट्रक बदलले, नाव तेच राहिलं. सगळ्या पाटलांकडे कुठे पाटीलकी असते?

ट्रेलरच्या दुकानातला विक्रेता फार गोड माणूस होता. ट्रकचं साल आणि इंजिन विचारून त्याने संगणकात पाहिलं आणि जाहीर केलं, "तुमचा ट्रक 7,700 पौंड ओढतो. हा ट्रेलर फक्त 4,900 चा आहे. मागे काही जोडलंय हे ट्रकला कळणारसुद्धा नाही!" ट्रेलर 26 फुटी होता. आत दोन पलंग, ओट्यावर शेगडी आणि दार लावता येईल असा संडास. बायको आणि मुलगा आत शिरले ते बाहेर येईनात.

आबा मात्र बाहेरून चक्कर मारत होते. पुढच्या लोखंडी दांड्याशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "मानंवर किती येतंय, इचार त्याला."

"आबा, बैल नाहीत. इंजिन आहे."

"इंजनाला मान नसती व्हय? इचार."

विचारलं. विक्रेत्याचं हसू जरा आखडलं. आबांनी नेमकं तेच विचारलं होतं, जे त्याला कोणी विचारू नये असं त्याला वाटत असावं. ट्रेलरचा सगळा भार त्याच्या चाकांवर नसतो. दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यातून थेट ट्रकच्या पाठीवर येतो, आणि यायलाच हवा. इंग्रजीत याला 'जिभेचं वजन' म्हणतात. गाडीच्या जिभेलासुद्धा वजन असतं हे मला त्या दिवशी कळलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या जिभेचा अनुभव वेगळा होता.

मी एक्सेलमध्ये आयुष्य काढलेला माणूस. घरी येऊन तक्ता मांडला आणि एकेक भानगड बाहेर पडू लागली. विक्रेत्याने सांगितलेले 4,900 हे 'कोरडं वजन' होतं. पाणी नाही, गॅस नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत. म्हणजे ज्या अवस्थेत तो ट्रेलर कुणाच्याही सहलीला कधीच जाणार नाही, त्या अवस्थेतलं वजन. एका गॅलन पाण्याचं वजन 8.3 पौंड, आणि टाकी 40 गॅलनची. संसार भरल्यावर आकडा 6,000 च्या घरात गेला.

ट्रकचे 7,700 सुद्धा जुन्या काळचे. ओढण्याची ताकद मोजायची समान पद्धत एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने 2008 साली जे2807 या नावाने आणली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने आकडा काढायची. नव्या पद्धतीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ एसी चालू ठेवून ठरावीक वेगाने चढावा लागतो. ती परीक्षा सुरू झाल्यावर काही गाड्यांचे आकडे शेकडो पौंडांनी उतरले. माझा ट्रक त्या परीक्षेच्या आधीच्या बॅचचा, म्हणजे मार्कशीट घरच्या मास्तरांनी दिलेली. त्यात हवा विरळ झाली की साधं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. डेन्व्हरच मुळी 5,280 फुटांवर आहे, आणि डोंगरात जायच्या वाटेवरचा बोगदा 11,000 फुटांच्या वर. तिथे पोचेपर्यंत आठांतले अडीच-तीन सिलिंडर रजेवर गेल्यासारखेच.

पण ओढणं ही नंतरची गोष्ट. पेलायचं किती? नव्या ट्रकच्या दाराच्या चौकटीवर लेबल असतं, माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको. माझ्या ट्रकवर फक्त एकूण मर्यादा लिहिलेली, 6,400. ट्रक स्वतः किती, ते काट्यावर जाऊन बघायचं.

काटा म्हटल्यावर आबांचा चेहरा बदलला. ज्याने चाळीस वर्षं कारखान्याला ऊस घातला त्याच्यापुढे काट्याचं नाव काढू नये. हायवेवरच्या ट्रकतळावर 'कॅट स्केल'चा काटा असतो, त्यावर आम्ही टाकी भरून, सहकुटुंब उभे राहिलो. अठरा चाकी ट्रकांच्या रांगेत आमचा ट्रक म्हणजे मोठ्यांच्या पंगतीत घुसलेलं पोर. चिठ्ठी आली, 5,460. आबांनी ती उन्हात धरून पाहिली.

"काटा मारत असतील."

मी सांगितलं, इथे उलटं आहे. यांच्या काट्यावर वजन बरोबर भरलं आणि पुढे सरकारी काट्यावर जास्त भरून दंड झाला, तर हे चौकशी करतात, आणि यांची चूक निघाली तर दंड हेच भरतात.

"काटावाला दंड भरतो?" आबांनी मला तीनदा वदवून घेतलं. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

6,400 वजा 5,460, उरले 940. सहा हजारांच्या ट्रेलरचा तेरा टक्के भार म्हणजे 780. ट्रक आणि ट्रेलर जोडणारा, भार पुढच्या चाकांपर्यंत वाटून देणारा हिच 100 पौंडांचा. शिल्लक 60 पौंड, म्हणजे 27 किलो. एवढ्यात आमच्या बायकोचा मसाल्याचा डबा आणि तिच्या शंकासुद्धा मावत नाहीत. ट्रक 7,700 ओढेलही, पण त्याआधी त्याची पाठ बसेल. 26 फुटी पलंगांना आम्ही हात जोडले आणि 19 फुटी ट्रेलर घेतला. भरून 4,200. संडास आहे, पण आत गेलेल्या माणसाला वळायचं असेल तर बाहेर यावं लागतं.

मग मेकॅनिककडे फेऱ्या झाल्या. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात. ते चालवायला स्टिअरिंगखाली एक डबी बसवली. गिअरबॉक्सचं तेल तापू नये म्हणून जादा कूलर बसवला. ट्रकच्या किमतीच्या मानाने हे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला चांदीचे तोडे.

त्याच आठवड्यात टीव्हीवर 1954 सालचा 'द लाँग, लाँग ट्रेलर' लागला होता. नवं जोडपं भलामोठा ट्रेलर घेऊन निघतं, नवरी वाटेत आवडलेले दगड गोळा करून आत लपवते आणि डोंगर चढताना दोघांचा जीव टांगणीला लागतो. आम्ही हसून हसून लोळलो. आबा गंभीर. "दगड म्होरं ठेवाय पायजे हुते," म्हणाले.

निघायच्या दिवशी मी तक्ता छापून घेतला. प्रत्येक वस्तूचं वजन, बेरीज, मर्यादा. सगळं आत बसत होतं. पाण्याची टाकी पूर्ण भरली. सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरला बांधल्या. आबांनी लांबून एक डोळा मिटून पाहिलं.

"गाडी उलाळ झालीया."

उलाळ! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की पुढची बाजू वर उचलते, जू मान सोडून गळ्याला लागतं आणि बैलाला धड चालता येत नाही. मी त्यांना तक्ता दाखवला. "आबा, बेरीज बरोबर आहे."

"बेरीज बरोबर हाय. भरलीया कशी ते बग की."

बघितलं नाही. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की फ्लॉइड हिलचा मोठा उतार लागतो. ताशी साठ मैलांवर एक भलाथोरला ट्रक शेजारून गेला, त्याच्या वाऱ्याने आमचा ट्रेलर जरासा हलला, आणि थांबेना. शेपूट डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. आरशात ट्रेलर एकदा या बाजूने तोंड दाखवी, एकदा त्या बाजूने. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही, त्या डबीचा खटका दाबून एकट्या ट्रेलरचा ब्रेक लावायचा, एवढं वाचलेलं आठवलं. लावला. ट्रेलर ताणला गेला, सरळ झाला. गाडीत कोणी बोलत नव्हतं. बायको कुठलंसं स्तोत्र मध्येच विसरली होती.

आयडाहो स्प्रिंग्सला थांबलो. आबांनी 'मी सांगत होतो' असं म्हटलं नाही. तेवढं करायला त्यांना ट्रेलरपेक्षा जास्त वजन पेलावं लागलं असणार. फक्त पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकी मागच्या चाकांच्याही मागे, आणि तिच्यात 330 पौंड पाणी. त्यात भर म्हणून सायकली. टाकी रिकामी केली, सायकली ट्रकच्या हौद्यात टाकल्या, आणि बायकोने चादरीत गुंडाळून मागच्या कपाटात ठेवलेला दगडी खलबत्ता सापडला. तो माझ्या तक्त्यात नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं. तिने आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. म्होरं ठेव."

नंतर हिशेब केला. निघताना मानेवर आठ टक्केसुद्धा उरले नव्हते.

पुढचा सगळा चढ ट्रकने तिसाच्या वेगाने, पण मान खाली घालून काढला. रात्री लेडव्हिलजवळच्या तळ्याकाठी आबा ट्रेलरच्या संडासात गेले. बराच वेळ झाला. मी दार वाजवलं.

"वळता येईना," आतून आवाज आला, "पर गार वारं लागत न्हाई."

ऑक्टोबरात ते परत गेले. विमानतळावर बॅग तेवीस किलोच्या वर भरली. मी सामान काढू लागलो तर त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. काट्याची ती चिठ्ठी तिथे होती.

"ही न्हाई द्यायची," म्हणाले. "कारखान्यावर दाखवायचीया."