पायाळू यंत्र

बंगळुरात रोमन चांदी निघते, आणि निघते ती भलत्याच माणसाला. १८९१ साली यशवंतपूरला रेल्वेच्या कामासाठी खणताना चांदीची १६३ नाणी निघाली. १९६५ साली एचएएल विमानतळाच्या परिसरात २५६ निघाली. रोमच्या बादशहांचे मुखवटे छापलेले हे डेनारियस दोन हजार वर्षं आपल्या लाल मातीत निवांत पडून होते. एकीकडे रूळ टाकायचे होते, दुसरीकडे विमानं उडवायची होती. चांदी कुणीच मागितली नव्हती. मग जे मुद्दाम चांदीच शोधायला निघतात त्यांच्या हाती काय लागतं, ते बघायला मी जानेवारीत भाच्याकडे गेलो.

भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीच्या बोनसमधून त्यानं मेटल डिटेक्टर घेतला. ताईला आधी वाटलं, पोरगं आयटी सोडून मॉलच्या दारात उभं राहायला लागलं. नंतर खरा प्रकार कळला तेव्हा ती म्हणाली, यापेक्षा मॉल बरा होता.

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालं की पहाटे यशवंतपूर येतं. मी दारात उभा राहून वाकून वाकून खाली बघत होतो. हुबळीला चढलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, काय पडलं? १८९१ सालची हकीकत झोपेतून उठलेल्या माणसाला सांगणं जिवावर आलं, म्हणून नुसतं 'काही नाही' म्हणालो. त्यावर त्यांची खात्री झाली की मोबाइल पडला. त्यांनी डब्यात ते जाहीर केलं. दोघंजण माझ्या बर्थखाली शिरले, एका बाईंनी माझा नंबर मागितला आणि फोन लावला. तो माझ्याच खिशात वाजला. मोबाइल सापडल्याचा आनंद डब्यानं माझ्यापेक्षा जास्त केला. चांदीचं मात्र राहूनच गेलं.

मराठी माणूस बंगळुरात उतरला की अर्ध्या तासात शहाजीराजांवर येतो. मीही आलो. १६३८ साली विजापूरच्या फौजेनं बंगळूर घेतलं, मग जहागीर शहाजीराजांची, मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराला दान दिलं ते व्यंकोजीराजांनी, वगैरे मी रिक्षात सुरू केलं. भाचा म्हणाला, "मामा, पुढचं सांगा. किती रुपयांना गेलं?" १६८७ मध्ये मोगलांनी घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी ते तीन लाखांना पदरात पाडून घेतलं, असं इतिहास सांगतो. "तीन लाख," भाचा म्हणाला. "माझ्या फ्लॅटचं डिपॉझिट याहून जास्त आहे." त्यानंतर शहाजीराजांचा विषय आमच्यात निघाला नाही.

आता यंत्राविषयी. आपल्याकडे मेटल डिटेक्टर येण्यापूर्वी पायाळू माणूस होता. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, मग त्यावर बसलेला नाग दिसतो, मग बळी मागणारं काहीतरी दिसतं, आणि शेवटी पोलीस दिसतात. या भानगडीत माणसं हकनाक मेली आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा उल्लेख उगीच नाही. यंत्राला अंजन लागत नाही, नाग दिसत नाही. भाचा स्वतः सिझेरियनचा, त्यामुळे शास्त्राप्रमाणे तो कोणत्याच बाजूनं आलेला नाही. त्याची सगळी भिस्त बॅटरीवर.

दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी कॉइल असते. तिच्यातून उलटसुलट प्रवाह फिरतो, त्यानं जमिनीत चुंबकीय क्षेत्र शिरतं, वाटेत धातू असला तर त्याच्यातही बारीक प्रवाह घुमू लागतात आणि ते उलट निरोप धाडतात. निरोप किती उशिरा आणि कसा आला यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. चांदीतून वीज सगळ्यात सहज वाहते, म्हणून तिचा सूर चढा आणि आकडा मोठा. लोखंड घोगरं बोलतं. ॲल्युमिनियमचा कागद मधेच कुठंतरी कुजबुजतो आणि सोन्याची अंगठीही नेमकी तिथंच कुजबुजते. त्यामुळे गुटख्याची पुडी टाळली तर अंगठी हुकते, आणि अंगठी हवी तर तालुक्यातल्या सगळ्या पुड्या वेचाव्या लागतात. त्यात बंगळूरची माती लाल, म्हणजे लोहयुक्त. जमिनीला आधी गप्प बसवल्याशिवाय यंत्र तिच्याशीच गप्पा मारत बसतं.

या विद्येची सुरुवातच फजितीनं झालेली आहे. १८८१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांना, गारफिल्डसाहेबांना, गोळी लागली. गोळी शरीरात कुठं आहे ते डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनवाले ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन व्हाइट हाऊसमध्ये गेले. यंत्र सगळीकडेच वाजायला लागलं. पलंगाच्या गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांचा हट्ट की गोळी उजवीकडेच आहे, तेव्हा उजवीकडेच तपासा. गोळी डावीकडे होती. अध्यक्ष सप्टेंबरात गेले. भाच्यानं ही गोष्ट सांगितली तेव्हा यंत्राची कीव यावी अशा सुरात सांगितली; अध्यक्षांबद्दल काही बोलला नाही.

कुठं शोधायचं, हा खरा प्रश्न. कब्बन पार्कात खणता येत नाही, टिपूच्या वाड्याजवळ यंत्र काढलं तर आपल्यालाच उचलतील. संरक्षित स्मारकाच्या आवारात टाचणी टोचायलाही परवानगी लागते. उरलं खासगी रान. तिथंही १८७८ चा निखात निधी कायदा आपली वाट बघत बसलेला असतो: दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मातीत दडवलेलं सापडलं की काय, कुठं, कधी सापडलं हे कलेक्टरला लेखी कळवायचं आणि ऐवज सरकारी खजिन्यात जमा करायचा. कर्नाटकानं स्वतःचा कायदा १९६२ साली केला. पण मला त्या जुन्या दहाच्या आकड्याचं कौतुक वाटतं. १८७८ मध्ये दहा रुपये म्हणजे चांदीची दहा नाणी, एकेक ११.६६ ग्रॅमचं. आज दहा रुपयांत दर्शिनीतला कॉफीचा पेलाही अर्ध्यावर येतो.

कान तयार व्हायला नमुन्याचा रुपया हवा, म्हणून आम्ही आधी चिकपेटच्या गल्लीत गेलो. जुन्या नाण्यांच्या दुकानात म्हातारे मारवाडी शेठ बसले होते. त्यांनी कापडाच्या पुरचुंडीतून राणीछाप काढला, व्हिक्टोरिया, १८८०च्या दशकातला, आणि मधल्या बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं त्याच्या कडेला हलकीच टिचकी दिली. तो जो आवाज निघाला तो दुकानाबाहेर हॉर्न वाजत असतानाही विरता विरत नव्हता. मग त्यांनी शेजारचा दुसरा, तसाच दिसणारा रुपया वाजवला. खट्. "हा परवाच जन्मला," शेठ हिंदीत म्हणाले. भाच्यानं नंतर लोहचुंबक काढलं. शेठनी ते बाजूला सारलं. "चुंबकाला १९४७ चा निकेलचा रुपया चिकटतो. खोटा रुपया शहाणा असतो, तो नाही चिकटत." मला वाटतं, भाच्याच्या यंत्राची किंमत शेठच्या मधल्या बोटाला द्यायला हरकत नव्हती.

रान मिळालं मागडी रोडला, भाच्याच्या ऑफिसातल्या मित्राच्या आजोळी. नाचणीची काढणी झालेली, शेत मोकळं, बांधावर अवरेकाईचे वेल. ताता ओट्यावर बसलेले, अज्जी दारात. मी माझं मिरजेचं कन्नड काढलं. आमच्याकडं प्रत्येक वाक्याला शेवटी 'री' लागते. इकडं लागत नाही. अज्जी पदर तोंडाला लावून हसली आणि पुढचा दिवसभर माझ्याशी री लावून बोलली.

भाच्यानं राणीछाप वीतभर खोल पुरला आणि मला हेडफोन दिला. कॉइल जमिनीला समांतर, सावकाश, झाडू मारतो तशी वरखाली न उचलता फिरवायची. सूर आला की आडवी फिरवायची, मग उभी, आणि दोन्ही रेघा जिथं छेदतात तिथं खुरपं. राणीसाहेबांवरून कॉइल गेली आणि कानात स्वच्छ, गोल, उंच आवाज आला. पडद्यावर नव्वदीच्या घरातला आकडा. मी पुन्हा फिरवली. पुन्हा तोच. हे फार गोड व्यसन आहे. तिथंच पुरलेल्या स्वतःच्या रुपयावर माणूस तासभर काढू शकतो.

मग खरा शोध. दुपारपर्यंत निघालं ते असं: सोड्याच्या बाटल्यांची बुचं, पत्र्याचे खिळे, नांगराचा फाळ, बैलाच्या खुराचा नाल, औषधांच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, आणि एक षटकोनी २० पैसे. ॲल्युमिनियमचं ते नाणं हातावर घेतलं तर आहे की नाही कळत नाही, पण यंत्रानं त्याचंही बरंच कौतुक केलं. दारूच्या बाटलीची बुचं इतकी निघाली की ताता ओट्यावरून उठून आत गेले.

अज्जीला मात्र रस आला. "एनु सिक्तु री?" करत ती आमच्या मागं मागं फिरू लागली. आणि बांधाजवळ यंत्र गायला लागलं! उंच, गोल, स्वच्छ सूर. राणीछापचा. भाचा पांढराफटक पडला. त्यानं आडवी फिरवली, उभी फिरवली. सूर थोडा सरकायचा, पण जायचा नाही. तिथं हातभर खड्डा झाला. काही नाही. अज्जी वाकून बघायला पलीकडच्या बाजूला गेली, तर सूरही पलीकडं गेला. दुसरा खड्डा. मित्र म्हणाला, मडकं फुटून नाणी पसरली असणार, यशवंतपूरला असंच झालं असेल. मला तर प्लिनी आठवला. हिंदुस्थान दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स गिळतो, अशी तक्रार या रोमन गृहस्थानं लिहून ठेवली आहे. मिरी आणि मलमल घेताना यांना मजा वाटली आणि बिल आलं तेव्हा पोटात दुखलं. त्या पाच कोटींतले काही मागडी रोडला का असू नयेत?

तिसऱ्या खड्ड्याच्या वेळी अज्जीला चहाचं आधण आठवलं आणि ती घराकडे निघाली. यंत्र गप्प. भाचा कॉइल घेऊन तिच्यामागं धावला. यंत्र पुन्हा गायलं. अज्जी थांबली, तिनं लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि आपल्या पायांकडं बघितलं. दोन्ही पायांत चांदीची जोडवी, लग्नापासूनची, चांगली जाडजूड. मग ती जी हसायला लागली ती खालीच बसली. निखात निधी कायद्यात मातीत दडवलेली वस्तू लागते. जोडवी मातीपासून बोटभर वर होती, त्यामुळे कलेक्टरचा प्रश्न आला नाही.

चहा पिताना मित्राला मी हॉक्सनची गोष्ट ताताला समजावून सांगायला लावली. इंग्लंडात सफोकमध्ये १९९२ साली एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. त्यानं आपल्या मित्राला, एरिक लॉजला, डिटेक्टर घेऊन बोलावलं. हातोडी शोधता शोधता सोन्याचांदीची नाणी निघाली, एकूण १४,८६५. बक्षीस साडेसतरा लाख पौंड, निम्मं शेतकऱ्याला. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ताता विचारात पडले. मग म्हणाले, माझा पंपाचा पाना हरवलाय, तो शोधा.

भाच्याचे डोळे चमकले. त्याला तर्क पटला: चांदी मागणाऱ्याला मिळत नाही, पाना मागणाऱ्याला मिळते. "मामा, आता मनातून रुपया काढून टाका. फक्त पाना." आम्ही मन निर्मळ करून विहिरीच्या बाजूनं सुरुवात केली. दहा मिनिटांत घोगरा, दमदार आवाज आला आणि अठरा-एकोणीसचा पाना निघाला. त्याच्या आसपास हातभर टापूत भाच्यानं माती चाळली. रोमन काही नव्हतं. पण ताताचा आनंद चौदा हजार नाण्यांचा होता. त्यांनी पाना लुंगीला पुसला आणि फोन काढला.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही पोचलो तर ओट्यावर माणसं बसलेली. एकाची ट्रॅक्टरची पिन, एकीची चमकी, एकाला जमिनीतल्या नळाचा कॉक कुठं गाडला गेला ते हवं होतं. कुणाला चांदी नको होती. चमकी सोडून सगळं निघालं. फी म्हणून अवरेकाईची पिशवी, नाचणीचं पीठ आणि एक फणस. भाचेसुनेनं रात्री फोनवर विचारलं की हे दर रविवारचं ठरवता येईल का, भाजी फार महाग झालीय.

निघता निघता एक शेतकरी गाय घेऊन आला. गाय दोन दिवस खात नव्हती. चाऱ्याबरोबर खिळा गेला असेल, असा त्याला संशय. डॉक्टरला बोलावलंय, पण तोवर या यंत्रानं जरा बघाल का? भाच्यानं हेडफोन चढवला, खिळा कधीही आपला सूर लपवत नाही असं काहीसं पुटपुटला आणि कॉइल गाईच्या पोटाजवळ नेली. यंत्र कोकललं. छातीकडं नेली, कोकललं. उजवीकडं, डावीकडं, सगळीकडं. गाईच्या पोटात अख्खं हार्डवेअरचं दुकान आहे, असं मित्रानं जाहीर केलं आणि शेतकरी मटकन खाली बसला.

"आधी तिच्या गळ्यातली साखळी काढा री," मी म्हणालो.