एकदा सेटअप बसू दे

असा एक तुमच्याही मजल्यावर असतो, त्यामुळे ओळखीत वेळ घालवत नाही. आमचा नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. चाळ त्याला पिंट्या म्हणते. आधार कार्ड काय म्हणतं ते आधार कार्डालाच ठाऊक. वय चौतीस. पेशाने सॉफ्टवेअर डेव्हलपर. म्हणजे व्हायचाय. सध्या सेटअप चालू आहे.

मी गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार. आमच्या वर्गणीचा हिशेब अजून पावतीपुस्तकात, खाली कार्बन घालून. चाळीत ८० खोल्या. कोणी दोन हप्त्यांत देतो, कोणी "पगार होऊ दे" म्हणतो, कोणी गेल्या वर्षीची पावती दाखवून दारातूनच वाटेला लावतो. एका मीटिंगमध्ये पिंट्या उठला आणि म्हणाला, "काका, हे काय ब्रिटिशांच्या काळातलं चाललंय! मी ॲप बनवतो. पैसे आले की पावती थेट मोबाइलवर. चार दिवसांचं काम." टाळ्या पडल्या. त्या दिवशी त्याच्या चहाचे पैसे मंडळाने दिले, त्याची नोंद माझ्याकडे आहे. जाता जाता त्याने एकच बारीक अट घातली : "फक्त एकदा सेटअप बसू दे."

त्यानंतर बाप्पा आले, गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. कार्बन अजून मीच आणतो.

माझी समजूत अशी, की टेबल मांडलं, खुर्ची ओढली, बटण दाबलं, झाला सेटअप. पण बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी कामगारांसाठी बांधल्या, तेव्हा मोरी, चूल आणि माणसं एवढंच धरलं होतं. दोन मॉनिटर धरले नव्हते. पिंट्याच्या खोलीत कपाट, पलंग, देव्हारा, ओटा, फ्रिज आणि आईचं पायाचं शिलाई मशीन. उरलेली जागा म्हणजे त्या मशीनची फळी. तिथे पिंट्याचं वर्कस्टेशन. आईकडे कुणाचा ब्लाऊज शिवायला आला, की वर्कस्टेशन पलंगावर जातं आणि पलंगावरचे वडील पॅसेजमध्ये जातात. लग्नसराईत वडील घरी क्वचितच दिसतात.

आई बसते, सुईत दोरा ओवते आणि शिवायला लागते. पिंट्याला ही पद्धत फार मागासलेली वाटते.

दुसरा मॉनिटर भिंतीवर लावायचा त्याचा बेत होता. आमच्या भिंती काँक्रीटच्या. साधं कॅलेंडर लावायचं तरी खिळा वाकतो आणि बोट सुजतं. त्याने ड्रिल मशीन भाड्याने आणलं. एक दुपारभर सबंध मजला दाढा धरून बसला होता. शेजारच्या खोलीत फोटोतले आजोबा तिरके झाले. भिंतीला एक टवका गेला, तो अजून आहे. त्यात आई सुया खोचते. त्याच भिंतीतून वायफायही जात नाही, म्हणून राउटर पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकवर. नेट गेलं की पिंट्या आधी चपला मोजतो.

मग कीबोर्ड. तुम्हाला वाटेल कीबोर्ड म्हणजे कीबोर्ड. तसं नसतं. निळ्या स्विचचा असतो, तपकिरी स्विचचा असतो, लाल स्विचचा असतो, आणि या तिघांवर पिंट्या जेवढं बोलतो तेवढं आमचे हभप संतांवर बोलत नाहीत. निळे वाजतात. त्याने निळे आणले, लॅमिंग्टन रोडवरून. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण पाटी वाचून संगणकाचे सुटे भाग आणायला कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.) पहिल्या रात्री एक वाजता समोरच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "एवढ्या रात्रीच्या शेंगा कोण फोडतंय?" दुसऱ्या दिवशी पिंट्या परत लॅमिंग्टन रोडला. तपकिरी आणायला. मी जिन्यात गाठून ॲपचं विचारलं. म्हणाला, "काका, बोटांना वळण नको का लागायला? एकदा सेटअप बसू दे."

बोटांना वळण लागेस्तोवर ऑपरेटिंग सिस्टिम बदलली. विंडोज त्याने तत्त्व म्हणून सोडलं. उबुंटू घातलं. ते सगळं नीट चालू लागलं, त्याच दिवशी त्याचा त्यातला जीव उडाला. मग आर्च लिनक्स. "यात सगळं आपलं आपण करायचं असतं, काका." मी म्हटलं, "मग आधी कोण करत होतं?" त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकत होती. आई ओट्यापाशीच होती. म्हणाली, "बिघडला का रे?" तो म्हणाला, "नाही गं, आत्ता कुठे सुरू झालाय."

शनिवारचा त्याचा नेम ठरलेला : आंघोळ, मारुतीचं दर्शन, फॉरमॅट.

पुढे रंग आले. पडद्याची पार्श्वभूमी काळी हवी, पण कुठली काळी? मग अक्षरं. शून्य आणि इंग्रजी ओ सारखे दिसता कामा नयेत, म्हणून त्याने एक आठवडा फॉन्ट पाहिले. लोक मुली पाहतात त्या वयात. मग एडिटर. हा विम वापरतो. १९९१ साली ब्राम मोलेनार नावाच्या डच माणसाने बाहेर काढलेला हा प्रोग्राम. त्यातून बाहेर कसं पडायचं हेच नवशिक्याला कळत नाही, अशी त्याची जगभर ख्याती आहे. पिंट्याला बाहेर पडता येतं. पण तो पडत नाही.

मग कंटेनर. मी माहिती विचारली नव्हती, त्याने सांगितली. डेव्हलपर लोकांची एक जुनी सबब असते, "माझ्या मशीनवर तर चालतंय." ती सबब कायमची संपवायला म्हणे प्रोग्रामला त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात भरतात, मग तो कुठेही नेला तरी सारखाच चालतो. पिंट्याने डबा तयार केला आहे. आता आमच्या वर्गणीचं ॲप जगातल्या कुठल्याही मशीनवर सारखंच चालत नाही.

या सगळ्याची टिपणं तो एका फाइलमध्ये ठेवतो. शेकडो ओळींची फाइल. पडदा असा दिसावा, अमुक कळ दाबली की तमुक व्हावं. त्याने आजवर लिहिलेला सगळा कोड हाच : कोड लिहायला बसण्याआधी लागणारा कोड. त्याच्या तीन ठिकाणी प्रती आहेत. चाळ पडली तरी ती फाइल पडणार नाही.

तुम्ही म्हणाल आळशी आहे. तिथेच तर वैताग येतो. आळशी असता तर मी नाद सोडला असता. लोअर परळला, जुन्या मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत त्याची सपोर्टची नोकरी आहे, रात्रपाळीची. दिवसा झोप कमी आणि सेटअप जास्त. आणि बोलायला लागला तर हातात पुरावे.

एकदा मला म्हणाला, "काका, डोनाल्ड क्नुथ माहीत आहे?" मला माहीत असायचं कारण नव्हतं. क्नुथ संगणकशास्त्रावर खंडामागून खंड लिहीत होता. १९७७ मध्ये एका खंडाच्या नव्या आवृत्तीची छपाई त्याच्या मनास येईना. तेव्हा त्याने पुस्तक बाजूला ठेवलं आणि छपाईची अक्षरजुळणी करणारा प्रोग्रामच लिहायला घेतला. वर्षभरात उरकेल असं वाटलं होतं, दहाच्या वर वर्षं गेली. पण टेक नावाचा तो प्रोग्राम आज जगभरचे गणिती वापरतात. "बघा! त्यानेही आधी सेटअपच केला."

मी घरी येऊन पोराला शोधायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठलं. "पिंट्या, त्या माणसाचे तीन खंड आधी छापून झाले होते. १९६८, ६९ आणि ७३. तुझी एक पावती दाखव."

आठवडाभर बोलला नाही. मग टिफ्रॅक घेऊन आला. आपल्या कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली हा संगणक कामाला लागला. भारतात बनवलेला. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, शब्द ४० बिटांचा. मी पोराकडून गुणाकार करून घेतला : दहा केबी. पिंट्याच्या पडद्यामागे हिमालयाचा जो फोटो आहे, त्याचं एक शिखरसुद्धा त्यात मावलं नसतं. तेवढ्यावर त्या लोकांनी विज्ञानाची गणितं सोडवली. हे मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "त्यांचा सेटअप पक्का होता, काका."

गेल्या दसऱ्याचं सांगतो आणि वैताग आवरता घेतो. आमच्याकडे हत्यारांची पूजा रीतसर होते. आईने शिलाई मशीनला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले. मग त्याच भक्तिभावाने कीबोर्डलाही वाहिलं. कुंकू कळांच्या आत गेलं. पिंट्याने सगळ्या कळा उपटल्या, ब्रशने आणि स्पिरिटने एकेक साफ केली, वाळत घातल्या. मग त्या सवडीने बसवू म्हणता म्हणता नवे स्विच पाहिले. हे काम दिवाळीच्या फराळापर्यंत चाललं. मशीनवर तोवर चाळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज शिवून झाले होते.

आता दुसरी बाजूही नोंदवायला हवी. खजिनदार आहे, जमेची रक्कम लपवता येत नाही.

विम उघडलं की पडद्यावर एक ओळ येते, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी. मोलेनार प्रोग्रामचे पैसे मागायचा नाही, एवढंच मागायचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो वारल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी पिंट्या जेवला नव्हता, असं आईने सांगितलं. पण ही ओळ त्याने वाचली होती त्याच्या कितीतरी आधी. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर आली आणि एकेका खोलीत तीन पोरं, एक फोन, अशी गत झाली. पिंट्याने ओळखीच्यांच्या माळ्यावरचे, ऑफिसांनी टाकलेले, कुठून कुठून मेलेले लॅपटॉप गोळा केले. कुणाची बॅटरी, कुणाचा पडदा, कुणाची हार्ड डिस्क. त्यावर हलकं लिनक्स घातलं, मराठी कीबोर्ड बसवला आणि दारोदार देऊन आला. पैसे घेतले नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, "युगांडा लांब पडतं, काका. तिसरा मजला जवळ आहे."

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली. अख्खी मुंबई, लोकलसकट. मुंबईत वीज जात नाही, तरी पिंट्याने यूपीएस घेऊन ठेवला होता, आणि त्याच्या पीं पीं आवाजाला आम्ही सगळे शिव्या देत होतो. त्या सकाळी त्याच्या दारासमोर मोबाइल घेऊन रांग लागली. रांगेत मी होतो. त्याने स्वतःचं मशीन बंद केलं आणि एकेक फोन लावून दिला. ॲपचा विषय मी काढला नाही.

चाळीतून आज ऐरोलीला, पवईला, हिंजवडीला नोकरी करणारी पोरं आहेत. त्यातल्या कितीतरींचं पहिलं मशीन पिंट्याने लावून दिलं. ती पोरं प्रोग्राम लिहितात. पगार घेतात. दिवाळीला पेढे घेऊन याच्याकडे येतात, आणि जाताना त्यांचा नवा लॅपटॉप याच्याकडे ठेवून जातात : दादा, जरा सेट करून दे ना. त्यांचे सेटअप बसतात. एका बैठकीत.

त्याचे आजोबा मला आठवतात. कोहिनूर मिलमध्ये साचेखात्यात होते. साच्यावर नवा बीम चढला, की हजारो धागे जागच्या जागी लावून घ्यायचे आणि मगच साचा चालू. त्यांचा हात त्यात बसलेला होता. १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉक्टर सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात ते होते. बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांची कात्री, धागा ओढायचा हूक आणि तेलाची लहान बुधली असायची. दर रविवारी डबा उघडून ते कात्रीला तेल लावायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "संप मिटू दे, लागेल." तो संप मागे घेतल्याचं रीतसर कधी कुणी जाहीर केलंच नाही. डबा आता पिंट्याकडे आहे. त्यात तो स्क्रू ठेवतो.

सध्या म्हाडाच्या पुनर्विकासात १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, म्हणून चाळ आनंदात आहे. बाकीचे किती बेडरूम, कुठला मजला हे विचारतात. पिंट्याने प्लगपॉइंटचा नकाशा काढलाय. आईच्या मशीनला खिडकीपाशी उजेडात जागा दाखवली आहे, वडिलांना आरामखुर्ची आणि पंखा. स्वतःला एक कोपरा, चार बाय दोनचा. मी म्हटलं, "अरे, ५०० फुटांत एवढंच?" म्हणाला, "बास की. पण काका, ॲपचं आता तिकडे गेल्यावरच बघू. इथे लावा, तिथे हलवा, कशाला?"

तेव्हा वाचकहो, ॲपची वाट तुम्ही पाहू नका, ते माझ्यापुरतं राहू दे. पण तुमच्या माळ्यावर एखादा मेलेला लॅपटॉप पडून असेल, तर भंगारात घालू नका. नायगावला आणून द्या. दुसरा मजला, चपलांच्या रॅकवर राउटर दिसेल ते दार. शनिवार सोडून कधीही या. शनिवारी त्याचं स्वतःचं मशीन उघडं असतं. वर्गणीही तिथेच घेतली जाईल. पावती हाताने मिळेल.