बेंझीन, तुझा हिशोब आता रक्तातच होईल

बेंझीन,

तुला ‘स. न. वि. वि.’ लिहिणार नाही. तो मान माणसांचा.

पंपावर पोरगा ‘झिरो बघा, साहेब’ म्हणतो आणि आम्ही आकड्यांवर डोळे लावून बसतो. पेट्रोल टाकीत शिरतं तशी आतली वाफ बाहेर पडते आणि तिच्यासोबत तू त्या पोराच्या छातीत उतरतोस. आमच्या वाट्याला तू दोन मिनिटं येतोस, त्याच्या वाट्याला अख्खी पाळी. पेट्रोलमध्ये तुला फार तर 1 टक्का जागा आहे. घात करायला तेवढी तुला पुरते.

लबाडी तुझ्या अंगात मुरलेली. रक्तात तुझा मुक्काम काही तासांचा, त्यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यात तुझा मागमूस फारसा उरत नाही. तोवर यकृतात रूप पालटून तू अस्थिमज्जेत पोचलेला असतोस. रक्तपेशी जिथे जन्मतात, तिथेच घाव घालतोस. साध्या सीबीसीत पेशी घटलेल्या दिसतात, तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. पुढे रक्ताचा कर्करोग. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तुला पहिल्या गटात बसवलं आहे. माणसाला कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्यांची ती रांग. तुझी लायकी तीच.

पण तुझ्या लपायच्या जागा आता ठाऊक आहेत. पाळी संपताच घेतलेलं रक्त गॅस क्रोमॅटोग्राफीवर लावलं की तू सापडतोस. त्याच वेळच्या लघवीत एस-फेनिलमरकॅप्ट्युरिक आम्ल तुझा माग देतं. सिगारेटच्या धुरातूनही तू येतोस, म्हणून कामगाराला धूम्रपानाबद्दल विचारून तेही नोंदवायचं. नाहीतर पंपावरचा गुन्हा तू सिगारेटवर ढकलशील.

तू तर रसायन, तुला लाज कुठली? लाज वाटायला हवी ती तुला मोजायचं टाळणाऱ्यांना. पंपमालकांनो, तेल कंपन्यांनो, तपासणी पाळीच्या शेवटी करा. अहवाल कामगाराच्या हातात द्या, त्याला समजेल अशा मराठीत. आकडा वाढलेला दिसला तर त्याला कामावरून काढू नका. वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा नोझलवर बसवा, आणि बसवलेली चालू ठेवा.

आणि वाचकहो, नोझल आपोआप बंद पडल्यावर ‘अजून थोडं टाक’ म्हणू नका. त्या थोड्याची वाफ त्याच पोराच्या रक्तात जाते.

— एक दुचाकीस्वार