बुट्टे नव्हे, ब्यूट

पुतण्या म्हणाला, "काका, नॉर्थ डकोटाच्या सर्वांत उंच शिखरावर नेतो तुम्हाला." शिखर म्हटल्यावर मी गुडघ्याला पट्टा बांधला. मग उंची विचारली. ३,५०६ फूट. म्हणजे आपल्या सिंहगडाहून ठेंगणं! पट्टा सोडला. नकाशात नाव वाचलं, ‘व्हाइट बुट्टे’.

"बुट्टे नाही हो काका, ब्यूट. सपाट माळावर एकटीच उभी राहिलेली टेकडी."

"आपल्या थोरल्या वन्संसारखी," ही म्हणाली.

मे उजाडला होता तरी फार्गो शहरात स्वेटर अंगावरच. तिथून पश्चिमेला निघालेला आय-९४ हा महामार्ग इतका सरळ, की पुतण्याने स्टिअरिंगवर हात ठेवले होते ते केवळ आमच्या समाधानासाठी. दोन्ही बाजूंना नुकतं हिरवं होऊ लागलेलं गवत आणि वर न मागता मिळालेलं आभाळ. "बघायचं काय आहे?" हिने साडेतीनशे किलोमीटरमध्ये अकरा वेळा विचारलं. बाराव्यांदा विचारणार, तोच टेकडीवर गाय दिसली. ३८ फूट उंच! न्यू सालेम गावाची ही फायबरग्लासची होल्स्टीन, म्हणजे आपल्याकडची होस्टन, १९७४ पासून उभी आहे. हिने गाडी थांबवायला लावून हात जोडले.

पुढे घड्याळ एक तास मागे गेलं. तिथे वेळेचा पट्टा बदलतो. त्यामुळे दुपारचे बारा दोनदा वाजले आणि डब्यातले धपाटेही दोनदा निघाले.

ग्लॅडस्टोनजवळ महामार्ग सोडला. तिथून रीजेंट गावापर्यंत ३२ मैल रस्त्याच्या कडेला लोखंडी प्राणी उभे आहेत. गॅरी ग्रेफ नावाच्या गृहस्थांनी १९८९ साली हे सुरू केलं. आपलं गाव ओस पडत चाललंय, तर वाटसरू तरी यावेत, म्हणून. वेल्डिंग येत नव्हतं, तेही शिकले. तेलाच्या जुन्या टाक्या नि पाइप जोडून त्यांनी ११० फूट उंच हंस उडवले आहेत. नाकतोडे तर असे, की पाहून माझ्यातला शेतकरी फवारणीचा पंप शोधू लागला. गाव वाचवायला आपल्याकडे ठराव करतात. हा माणूस एकटा वेल्डिंग करत बसला, हे मला फार आवडलं.

समोरून अर्ध्या तासाने एखादी गाडी यायची आणि चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. ओळख ना पाळख! मी दोन्ही हातांनी नमस्कार करत राहिलो. पुढे बोटावर आलो.

अ‍ॅमिडन या वीस-पंचवीस वस्तीच्या गावात पोलिसांची गाडी दिसली. पुतण्याने कचकन ब्रेक दाबला. जवळ जाऊन पाहतो तर आत बुजगावणं! पगार नाही, रजा नाही, वाहनं मात्र हळू होतात.

आता ब्यूट समोर दिसत होतं. पांढरट, निवांत. मध्ये मातीचा रस्ता आणि सकाळी पडून गेलेली सर. फोन म्हणत होता, चार मिनिटं. मातीकडे पाहून माझं बार्शीचं रक्त म्हणत होतं, चार तास.

"अरे, वाफसा आलेला नाही."

"वाफसा म्हणजे?" पुतण्या पुण्यात वाढलेला. पावसानंतर माती पाय न रुतण्याइतकी सुकली की वाफसा आला, हे पुरतं सांगून होण्याआधी गाडी चरात गेली. मी उतरलो. एका पावलात बुटाला किलोभर चिखल. ब्यूट राहिलं बाजूला, बूटच उचलेना.

तासाभराने पिकअप घेऊन एक म्हातारा शेतकरी आला. मातीकडे पाहून म्हणाला, "गंबो." तिथे या चिकणमातीला गंबोच म्हणतात. मी म्हणालो, "वाफसा." त्याने गंभीरपणे मान हलवली. साखळी लावून गाडी ओढून दिली, पैशांचं नाव काढू दिलं नाही, आणि परतीच्या वाटेवरचं एक हॉटेल सांगितलं. तिथे ‘नेफला’ नावाचं सूप मिळालं. रशियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी हे इकडे आणलं. बटाटा, साय आणि पिठाचे गोळे. हिने चमचाभर तोंडात घातलं आणि निकाल दिला, "चकोल्याच आहेत. फोडणी विसरलेत."

तुम्ही मे महिन्यात जाणार असाल तर पावसानंतर दोन दिवस थांबा, वाफसा येऊ द्या. आणि भाकरी बरोबर न्या. सिंहगडासारखं पिठलं तिथे मिळत नाही.