बूटभाऊ

महाराष्ट्रात पिंपळगावं पोत्यानं सापडतील. नाशिककडे बसवंत, आमच्या बुलढाणा जिल्ह्यातच काळे आणि सराई. आमचं मात्र पिंपळगाव राजा, तालुका खामगाव. नावातला राजा आता कुठं दिसत नाही, पण राजाला शोभेल असं पायताण गावात अजून आहे. ते बूटभाऊंचं. भाऊंचं पाळण्यातलं नाव निराळं आहे, पण ते आता सातबारा आणि रेशनकार्ड या दोघांनाच ठाऊक.

खामगावला लोक चांदी घ्यायला जातात. एका वर्षी कापसाचे पैसे बरे आले, तेव्हा भाऊ चामडं घ्यायला गेले. तिथल्या कारागिरानं त्यांचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. चवडा, पंजा, घोटा, अगदी पोटरीचंही माप घेतलं, आणि सहज बोलून गेला, "भाऊ, डावा पाय थोडासा मोठा हाये तुमचा."

तसा बहुतेकांचा एक पाय मोठा असतोच. पण या वाक्यानं घात केला. इतकी वर्षं आपण दोन वेगवेगळ्या माणसांच्या पायांवर उभे होतो, असा साक्षात्कार भाऊंना झाला.

बूट सुरेख झाले. घोट्याच्या वर चार बोटं, तपकिरी, टाके मोजून घ्यावेत असे. दुसऱ्या कुणी ते कापडात गुंडाळून लग्नकार्यासाठी ठेवले असते. भाऊंनी तिसऱ्या दिवशी आरी विकत आणली.

"मापावर शिवला म्हंजे झालं काय?" त्यांनी मला सुनावलं. "माप त्यानं घेतलं. चालाव तं मलेच लागते ना!"

भाऊंच्या प्रयोगामागे शास्त्र होतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीत ते एकदा जाऊन आले होते. तिथं त्यांनी पाहिलं, की एका वाफ्यात नवं खत घालतात आणि शेजारचा वाफा तुलनेसाठी तसाच ठेवतात. भाऊंनी ही पद्धत पायात उतरवली. जे काही करायचं ते एकाच बुटावर, दुसरा तुलनेला.

पहिला प्रश्न मातीचा. आमची काळी माती पाऊस पडला की फुगते आणि पायाला धरते. दहा पावलं टाकली की माणूस इंचभर उंच होतो, वीस टाकली की शेताचा निम्मा धुरा बुटाला लटकतो. यावर उतारा म्हणून भाऊंनी डाव्या बुटाला ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचा तळ ठोकला. खाचांमुळे माती निसटेल, असा हिशेब. खाचांनी ती जपून ठेवली. शिवाय डावा पाय दीड बोट वर गेला, आणि भाऊ एक पाय सरीत, एक वरंब्यावर असल्यासारखे चालू लागले. डांबरी रस्त्यावरसुद्धा.

मग नाड्या. चिखलात त्या सुटत नाहीत म्हणून उजव्या बुटाला बाजूनं चेन बसवली. चिखलात ती उघडेना. त्या रात्री भाऊ एक बूट घालून झोपले.

मग तेल. चामडं मऊ राहावं म्हणून डाव्याला एरंडेल, उजव्याला जवसाचं. महिनाभरात एक जांभळासारखा काळा झाला, दुसरा गुळाच्या ढेपेसारखा. दोन्ही ओसरीवर वाळत ठेवले, तर कुत्र्यानं डावा पळवला. "पाह्यलं?" भाऊ कुत्र्यामागं धावता धावता ओरडले, "एरंडेलच बरं!"

2025च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि प्रादानं सुरुवातीला तिचं नावही घेतलं नाही, म्हणून महाराष्ट्र पेटून उठला. भाऊही उठले. त्यांनी उजव्या बुटाचा तळ उसवला आणि कोल्हापुरीसारखी करकर यावी म्हणून चामड्याच्या थरांत चिंचोके भरले. "अन् म्या सांगूनच घेतलं, का हे कोल्हापूरवाल्याईचं हाये," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. करकर आली, पण उजव्या पावलालाच. भाऊ येताना एक आड एक ऐकू येत.

काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "घरातल्या नळाची तोटी गळून राह्यली सा महिन्यापासून. तिले हात नाई लावत. अन् बुटाले तिसऱ्यांदा टाच बसवून राह्यले!"

पुढं बूट चावू लागले. भाऊ ते घेऊन खामगावला गेले. कारागिरानं दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ पाहिले. आपलंच लेकरू कुणी भलत्या वेषात समोर आणावं तसा तो पाहत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, आता बुटाचं काई होत नाई. पायच दुसरे आना."

भाऊंना ते पटलं नाही. पंजाबी जुत्तीला म्हणे डावं-उजवं नसतं, घालता घालता पायच ते ठरवतो. "मंग माह्या पायालेबी येळ द्या ना जी," त्यांचा युक्तिवाद.

वेळ मिळाला. गजानन महाराजांची पालखी आषाढी करून पंढरपूरहून परतते, तेव्हा शेवटचा मुक्काम खामगावला असतो. दुसऱ्या दिवशी शेगावपर्यंतच्या वाटेवर माणसांचा पूर लोटतो. भाऊ बूट घालून निघाले, मी सोबत. पाऊस होताच. चिंचोके भिजले आणि करकर थांबली. टायरनं रस्त्याकडेचा चिखल गोळा केला. जरा वेळानं भाऊ कडेला बसले. डाव्याच्या नाड्या सोडल्या, उजव्याची चेन चार वारकऱ्यांनी मिळून उघडली. डावा नाडीनं गळ्यात अडकवला. उजव्याला नाडीच नाही, म्हणून तो काखेत. आणि अनवाणी पायांच्या त्या गर्दीत, वर्षभरात पहिल्यांदाच, मी भाऊंना सरळ चालताना पाहिलं. मलाच मागं टाकून गेले.

शेगावला मंदिराबाहेर जोडे ठेवायची व्यवस्था चोख. सेवेकरी हातात जोडे घेतात, बिल्ला देतात, आणि समोर कुणीही असो, माउलीच म्हणतात. भाऊंनी गळ्यातला बूट पुढं केला, मग काखेतला. सेवेकऱ्यानं एक पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. मग हात जोडून अगदी नम्रपणे म्हणाला,

"माउली, ह्या दोघांचे जोडीदार कुठं राह्यले?"